पंगतीला न आलेली माणसे

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेला एका कोपऱ्यात तडा, कडेचा रंग उडालेला, आणि आवाज वाढवायचे बटण दाबले तरी आवाज वाढेलच असे नाही. तरीही माझ्याजवळ थोडा वेळ बसा. तुमच्या घरात माझे कितीतरी भाऊबंद असतील, पण त्यांना बोलायला सवड नाही. मला आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो आणि, खरे सांगायचे तर, थोडा गर्विष्ठही. तिरोड्याच्या दुकानातून मला मंजू नावाच्या कॉलेजातल्या मुलीने घेतले. तिने पहिल्याच दिवशी मला गुलाबी कव्हर चढवले. ते मला मुळीच आवडले नव्हते, पण तिचा माझ्यावर जीव होता. धानाच्या बांधावर उभी राहून ती माझ्यात पाहून केस नीट करायची. आईशी भांडण झाले की मलाच उशाशी घेऊन रडायची. कुणीतरी आपल्याकडे पाहते, ही गोष्ट मला तेव्हा अगदी साधी वाटत असे.

मग तिच्याकडे नवा मोबाइल आला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे बरेच लांबले होते, त्यामुळे तक्रार नाही. मी कपाटावर पडून राहिलो. एके दुपारी गल्लीत मोटरसायकलवाला ओरडत आला, ‘जुने मोबाइल द्या, टोपली घ्या!’ मंजूच्या आईने मला देऊन हिरवी प्लास्टिकची टोपली घेतली. कॉलेजातून आल्यावर मंजूने मला शोधले असेल का, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारला.

मोटरसायकलवाल्याने मला गोंदियात आणून विकले. तांदळाच्या गिरणीमागे, जिन्याने वर गेल्यावर एक लांबट खोली होती. खिडक्यांना पुठ्ठे ठोकलेले, आणि भिंतीभर लोखंडी मांडण्या. त्या मांडण्यांवर माझ्यासारखेच जुने मोबाइल उभे केले होते, खांद्याला खांदा लावून. प्रत्येकाच्या पोटात वायर. मला वाटले, चला, सोबत मिळाली! पण त्या खोलीत कुणी कुणाशी बोलत नव्हते. आमच्यात सिमकार्डच नव्हते. कुणाचा फोन येण्याची आशा नाही आणि कुणाला लावण्याची सोय नाही.

आमचे काम काय होते, ते नीट ऐका. एखादा दुकानदार इंटरनेटवर जाहिरात देतो. कुणी ती पाहून तिच्यावर क्लिक केले की त्या दुकानदाराचे पैसे कापले जातात, आणि ज्याच्या पानावर जाहिरात दिसली त्याला त्यातला वाटा मिळतो. खोलीच्या मालकाने, चुन्नीलालने, अशी पुष्कळ पाने बनवून ठेवली होती. ती वाचायला कुणीच येत नसे. मग माणसांऐवजी आम्ही पाहायचो आणि आम्हीच क्लिक करायचो. कोपऱ्यातला एक संगणक आम्हा सर्वांना हुकूम सोडत असे. कष्ट दुकानदाराचे, मलई चुन्नीलालची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मी लग्नाचे शालू पाहिले, ट्रॅक्टर पाहिले, केस गळू नयेत म्हणून तेले पाहिली. मला डोके नाही की केस! गरमागरम पिझ्झ्यावर तर मी इतक्या वेळा क्लिक केले की एखाद्याला अजीर्ण झाले असते. जाहिरातीतली माणसे माझ्या काचेवर हसत, नाचत, हात जोडून ‘एकदा अवश्य या’ म्हणत. त्यांच्यासमोर नुसती पुठ्ठा ठोकलेली खिडकी होती. मला त्यांची फार कीव येई, आणि माझी त्याहून जास्त.

खोलीत माणूस म्हणावा असा एकच होता, उमेंद्र. बंद पडलेले मोबाइल सुरू करणे आणि तापलेल्यांवर पंखा फिरवणे हे त्याचे काम. बोदलकशाच्या तलावाजवळ त्याची मावशी राहत असे, सुमित्राबाई. तलाव पाहायला शहरातले लोक येतात, त्यांना चुलीवरचे जेवण द्यावे असे तिच्या मनात होते. उमेंद्रनेच तिला, तिच्याच पैशांतून, इंटरनेटवर जाहिरात काढून दिली. आम्ही बुडवतो ते मोठमोठ्या कंपन्यांना, त्यांना काय फरक पडतो, अशी त्याची समजूत होती. मावशीची जाहिरातही आमच्याच मांडणीवर येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

ती आधी माझ्यावर आली. डोक्यावर पदर, हातात पळी, मागे तलाव. ‘रविवारी जेवाले या,’ असे खाली लिहिलेले. उमेंद्र एकदम हसला. ‘अरे, आपली मावशी!’ म्हणत त्याने मला मांडणीवरून उचलले. तेवढ्यात शेजारच्या मोबाइलवर मावशी आली. मग त्याच्या शेजारच्यावर. बघता बघता सगळी भिंत मावशीने भरली, आणि आम्ही सगळे क्लिक करकरून तिचेच पैसे कापू लागलो. उमेंद्रचे हसू तिथेच विरले.

तो चुन्नीलालकडे धावला. ‘भैया, ही एक जाहिरात बंद करा. माझी मावशी आहे.’

चुन्नीलालने मान वर केली नाही. ‘अरे भाई, मशीन को क्या मालूम मौसी किसकी है! चलने दे.’

उमेंद्रने मावशीला फोन लावला. तिचा आवाज एवढा खणखणीत की मलाही ऐकू आला.

‘बापू, केवढे लोक पाहून राहिले रे! मोबाइलवर आकडा वाढूनच राहिला. रविवारी सारेच येतीन. तुझा मावसा मोडावर उभा राहीन, वाट दाखवाले.’

‘मावशी, थे लोक...’

‘काऊन? काय झालं?’

‘काई नाई. येतो मी रविवारी.’

तिचे तरी काय चुकले? त्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. तेव्हा ओळखीचा असो नसो, दारातून डोकावला त्याला पाटावर बसवायचे, ही तिथली रीत. पाहून गेलेला माणूस जेवायला येणार नाही, हे सुमित्राबाईंना खरेच वाटत नव्हते. जेवढ्यांनी पाहिले तेवढे येतील, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्या आठवड्यात माझी बॅटरी फुगली. ‘फेक दे,’ चुन्नीलाल म्हणाला. उमेंद्रने मला फेकले नाही. तार काढून, बंद करून खिशात टाकले, आणि रविवारी त्याच खिशातून मी बोदलकशाला गेलो.

अंगण शेणाने सारवलेले होते. झाडाखाली पत्रावळींच्या लांबच लांब रांगा, त्या उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा. भाताने काठोकाठ भरलेले गंज, लाखोळीच्या डाळीचे वरण, मासोळीचा रस्सा. शेजारच्या बाया मदतीला आल्या होत्या. भोजराज, म्हणजे मावसा, लाल गमछा हातात धरून रस्त्याच्या मोडावर उभा होता. मोटरसायकली येत, गमछा वर होई, आणि त्या तशाच तलावाकडे निघून जात. ऊन उतरू लागले. शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. सुमित्राबाई मात्र रश्शाखालचा जाळ विझू देत नव्हत्या.

शेवटी उमेंद्र त्यांच्याजवळ जाऊन बसला. ‘मावशी, कोनी नाई येत.’

‘काऊन नाई येत? एवढ्या लोकाईनं पायलं न?’

‘थे लोक नव्हते. हे होते.’ त्याने मला खिशातून काढून चुलीसमोर ठेवले. ‘असे लय मोबाइल. गोंदियाले एका खोलीत. मीच लावत होतो त्याहिले.’

सुमित्राबाईंनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, किती दिवसांनी एक माणूस माझ्याकडे पाहत होता! आणि मला वाटले, मी फुटून जावे.

त्या ओरडल्या नाहीत. पळी खाली ठेवून एवढेच म्हणाल्या, ‘बोलाव मंग त्याहिले जेवाले.’

तेवढ्यात मोडावरून भोजराज आला आणि त्याने विचारले, ‘आले का?’ संध्याकाळी गावातली पोरेसोरे आणि शेतावरून परतणारे मजूर जेवून गेले. अन्न वाया गेले नाही. सुमित्राबाई मात्र जेवल्या नाहीत.

उमेंद्र त्या खोलीत परत गेला नाही. माझ्या जागी तिथे दुसरा कुणी उभा असेल. तिरोड्याच्या एका दुरुस्तीच्या दुकानात तो काम करतो. तिथेच त्याने मला नवी बॅटरी बसवली, सिमकार्ड घातले आणि मावशीला दिले. मोडावर त्यांच्या जेवणाची पाटी आहे आणि तिच्यावर माझा नंबर आहे. मी चुलीजवळच्या कोनाड्यात असतो. दिवसचे दिवस मी गप्प असतो, पण कधीतरी वाजतो.

तेव्हा सुमित्राबाई हात पुसून मला कानाशी धरतात आणि सर्वांत आधी विचारतात, ‘तुमी मानूसच आहा ना?’

पलीकडचे लोक हसतात. काहींना म्हातारी वेडी वाटते आणि ते फोन ठेवून देतात. मग त्या मला थोडा वेळ तशाच कानाशी धरून उभ्या राहतात.

म्हणून माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. जुना मोबाइल कुणाच्या हाती देता ते पाहून द्या. आणि कधी बोदलकशाला आलात, भूक लागली आणि पाटीवरचा नंबर लावलात, तर त्या प्रश्नाला हसू नका. ‘हो मावशी, माणूसच आहे,’ एवढे म्हणा. ते ऐकल्याशिवाय त्या आता भात चढवत नाहीत.