बुचाची बाटली

गंगाराम म्हात्रे माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं कुणीतरी म्हणेल, तुम्ही त्याच्यावर उगाच डूख धरलात. वाईट माणसाचं काय, त्याला चार शिव्या हासडल्या की आपण मोकळे. हा चांगला होता, आणि तिथंच तर सगळी पंचाईत झाली.

गंगाराम तळवलीचा. जमीन गेली आणि तिच्या बदल्यात ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत नोकरी आली. त्याच पाळीत धर्मराज होता, परभणीकडचा, बौद्ध समाजाचा. दोघांचं असं जमलं की सुपरवायझर एकाला शोधायचा असला तर दुसऱ्याला हाक मारायचा. कँटीनमध्ये एकाच टेबलावर जेवण. कूलरला स्टीलचा एकच ग्लास साखळीनं बांधलेला, त्यातनं एकापाठोपाठ एक प्यायचे. गंगारामला त्याचं कधी काही वाटलं नाही. कंपनीतलं पाणी कंपनीचं, त्यात कुणाचं काय?

मग धर्मराजला वाशीला सिडकोचं घर मिळालं आणि त्यानं मोठ्या हौसेनं बोलावलं. गंगाराम निघाला तेव्हा त्याची आई बायजाबाई ओटीवरून म्हणाली, "जा खुशाल. बस, बोल. पन पानी पिऊ नको त्यांच्याकडं." आई अशी काही वाकड्या तोंडानं बोलली नव्हती. बाहेर ऊन हाय, टोपी घाल, असं म्हणावं तसं म्हणाली. गंगारामनं "हां" म्हटलं आणि विसरला. म्हणजे आपण विसरलो, असं त्याला वाटलं.

धर्मराजची बायको वेणूबाई हसतमुखानं बाहेर आली. हातात ग्लास. माठातलं गार पाणी, बाहेरून ग्लासला दव धरलेलं. आणि हा गडी तिथंच अडला! दोन पोरांचा बाप, युनियनच्या सभेत समतेच्या भाषणाला सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवणारा, पण हात म्हणून पुढं जाईना. तोंडातनं भलतंच निघालं, "पाणी नको वैनी. सकाळपासून पोटात गॅस धरलाय. सोडा मिळाला असता तर बरं झालं असतं."

धर्मराज तसाच पायांत चपला सरकवून जिना उतरला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातनं बुचाची बाटली घेऊन आला. वेणूबाईनं ग्लास पुढं केला. "ग्लास कशाला? बाटलीच बरी," असं म्हणून गंगारामनं बूच दातानं उपटलं आणि घटाघटा बाटली संपवली. सुटलो बाबा, असं त्याला वाटलं.

कसला सुटतोय! एकदा पोट नाजूक आहे म्हटल्यावर ते नाजूक ठेवावं लागतं. पुढच्या खेपेला धर्मराजनं बाटली आधीच आणून ठेवली. कंपनीतही त्यानं मायेनं सगळ्यांना सांगून टाकलं, आमच्या गंगारामला सोड्याशिवाय पचत नाही. मग तिथंही प्यावा लागला. आधी साधा सोडा, मग लिंबाचा, मग गोड रंगीत थंडा. कंपनीच्या गेटाबाहेर मारोतीची टपरी होती. गंगाराम दिसला की मारोती न विचारता बाटली फोडायचा. वर्षं गेली आणि सोंगाची सवय झाली, सवयीचं व्यसन झालं. सकाळी एक, जेवणावर एक, सुटताना एक. उन्हाळ्यात तर मोजदादच नको.

आणि मग पोटानं सूड घेतला. छातीत जळायला लागलं. रात्री आंबट पाणी घशाशी यायचं. ढेरी सुटली, दात किडले, दोन जिने चढले की धाप. गंगाराम इतका घोरायला लागला की बायको सुंदराबाई पोरांना घेऊन ओटीवर झोपायला गेली. एक दिवस टाकीच्या शिडीवर त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. खाली धर्मराज उभा होता म्हणून निभावलं. त्यानं कमरेला मिठी मारून धरला नसता तर ही गोष्ट इथंच संपली असती.

दवाखान्यातही धर्मराजनंच नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आलीय, वजन बघा, पोटाची तर वाट लागलीय. रोज काय काय पिता?

उत्तर धर्मराजनंच दिलं, "दारूबिरू नाही साहेब. सोडा पितो फक्त. पहिल्यापासून पोट नाजूक आहे ना त्याचं."

डॉक्टर हसलेच. "नाजूक पोटावर रोज हे ओततो? अहो, ह्यानंच पोट नाजूक झालंय. आधी ते बंद!"

गंगारामनं खाली बघितलं. थापेचं दुखणं खरं झालं होतं, आणि हे ज्याला सांगावं असा एकच माणूस होता, तो शेजारीच बसून त्याच्या औषधांच्या वेळा पाठ करत होता. शरमेनं त्याचे कान तापले.

सोडा सोडणं काही सोपं गेलं नाही. पहिले काही दिवस डोकं ठणकायचं. कुणी नुसतं "काय गंगाराम?" म्हटलं तरी तो अंगावर जायचा. पाय आपोआप मारोतीच्या टपरीकडं वळायचे. धर्मराज त्याला मागच्या गेटानं काढायचा, लांबचा वळसा घालून स्टॉपवर न्यायचा. तलफ आली की कूलरचं पाणी भरून समोर धरायचा, "पी. पोटभर पी. जाईल." गंगाराम प्यायचा, आणि खरंच जायची.

महिन्या-दोन महिन्यांत माणूस बदलला. जळजळ गेली. झोप गाढ लागायला लागली, घोरणं थांबलं, सुंदराबाई पोरांसकट परत आत आली. पँट कमरेला ढिली झाली. गंगारामला तर असं झालं की कुणाला सांगू आणि कुणाला नको. मारोतीच्या टपरीवर बाटली घेऊन उभ्या असलेल्या पोरांना तो जाता जाता ऐकवायचा, "विष आहे रे ते, विष!" लोक वैतागले.

सगळ्यांत खूश बायजाबाई. तिनं रविवारी सकाळी खास जिताडा मासा मिळवला, हातभर लांबीचा, आणि गंगारामच्या हातात पिशवी दिली. "धर्मराजला नेऊन दे. त्यानं माझा पोर वाचवलान. देवमानूस हाय." आणि लगेच पुढं, त्याच मायेनं, "पानी तेवढा जपून."

बसमध्ये बसल्यावर गंगारामच्या ध्यानात आलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. आता बाटली नाही! सोडा सोडल्याचा डंका त्यानंच पिटलेला. आता वैनी पाणी घेऊन आल्या की काय सांगणार? आत्ताच पिऊन आलो? भर उन्हातून येऊन? निर्जळी उपास आहे? आणि हातात जिताडा! एकेक सबब काढत होता आणि टाकत होता. प्यायचं सरळ, दुसरं काय, असंही एकदा मनात आलं. पण ते मनात आल्याबरोबर हाताला आतून काहीतरी झालं, ते त्याला कळलं आणि त्याची त्यालाच किळस आली. ज्यानं शिडीवरून धरला त्याच्या घरचं पाणी! लाज वाटत होती, चांगली सडकून वाटत होती, आणि लाज वाटूनही हात ऐकत नव्हता.

"या भावजी! वाळलात की!" वेणूबाईनं दारातच म्हटलं. जिताडा बघून तिनं पदर तोंडाला लावला. "येवढा मोठा? आज कालवणच करते." पिशवी ती आनंदानं आत घेऊन गेली. ह्यांना आमच्या घरचं चालतं, गंगारामच्या मनात आलं. इतकी वर्षं आपण कधी बोंबील, कधी कोळंबी आणत होतो आणि ह्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. धर्मराज समोर. आता पाणी येईल, आता येईल, म्हणून ह्याचा जीव टांगणीला.

पाणी आलंच नाही. वेणूबाई बाहेर आली ती शहाळं घेऊन. अख्खं, हिरवंगार, सुरी न लागलेलं. दुसऱ्या हातात कोयता. दोन्ही तिनं त्याच्यासमोर स्टुलावर ठेवलं.

"सोडा बंद झालाय म्हणलं तुमचा. मग काय द्यावं? दुकानवाला सोलून देत होता, पण मी म्हणलं नको, तोंड उघडं राहतंय. तुमीच सोला. कोयता नवाकोरा हाय, भावजी. परवाच आणलाय. घरात कशालाच लावला नाही अजून."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर गंगारामनं तो झेलला असता, वाद घातला असता, निदान रागावता तरी आलं असतं. तिनं अगदी आपुलकीनं, पाहुण्याची अडचण होऊ नये म्हणून सगळा विचार करून ठेवला होता.

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चपला सरकवून जिना उतरणाऱ्या धर्मराजलाही तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तो पळत गेला होता. गंगारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं धर्मराजकडं बघितलं, तर धर्मराज खिडकीबाहेर बघत होता.

"वैनी," गंगाराम कसाबसा म्हणाला, "पाणी द्या मला."

"शहाळं घ्या की. डॉक्टर पण चांगलं म्हणतात."

"पाणी द्या."

वेणूबाई म्हणाली, "पाणी सरलंय, भावजी. नळ संध्याकाळी येतो."

तिच्या मागं, मोरीजवळ, हंडा काठोकाठ भरलेला होता. बसल्या जागेवरून तो गंगारामला दिसत होता, आणि दिसतोय हे तिलाही माहीत होतं.

"मग बसतो," गंगाराम म्हणाला. "नळ येईपर्यंत बसतो."

धर्मराज उठून गॅलरीत गेला. वेणूबाई हळूच म्हणाली, "बसाल. प्याल पण. घरी सांगाल का?"

"सांगीन की!" गंगाराम झटक्यात म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग हंड्यातनं ग्लास भरला आणि आणून दिला. गंगारामनं तो दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला. सिडकोचं साधं पाणी, थोडं कोमट. काही झालं नाही. काय होणार होतं? धर्मराज आत आला, रिकामा ग्लास बघितला, तो त्याच्या हातातनं घेतला आणि म्हणाला, "आणखी?" गंगाराम आणखी प्यायला. जेवलाही. जिताड्याचं कालवण अंमळ तिखट होतं. वाशीहून निघताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की बसमध्ये त्यानं एका अनोळखी म्हातारीला जागा दिली आणि वर तिची पिशवीही धरली.

घरी बायजाबाई ओटीवर लसूण सोलत होती. "दिलास जिताडा? खूश झालं?"

"झाले."

"आनि सोडा तं तू पीत नाय आता. मंग काय दिला त्यांनी तुला?"

गंगारामनं तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. आई मान वर करून त्याच्याकडं बघत होती, सकाळी देवमाणूस म्हणाली होती त्याच डोळ्यांनी.

"शहाळं," तो म्हणाला.

"सोललेला?"

"नाय. अख्खं होतं. मीच सोललं."

बायजाबाईचं समाधान झालं. लसणाची पाकळी तिनं सुपात टाकली आणि मनापासून म्हणाली, "शानी हाय हो ती बाई."

"हाय," गंगाराम म्हणाला, आणि आईच्या शेजारी बसून खाली मान घालून लसूण सोलायला लागला.