मी, माझी रिकामी चौकट आणि अब्बांचा आवाज

मित्रांनो, राजिवड्याच्या एका घरात कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यातल्या चकचकीत सीडीत मी राहतो. मी एक जुना सॉफ्टवेअरचा संच. गाणी, फोटो, व्हिडिओ, सगळ्यांची हत्यारं एकाच पेटीत! पण नुसतं पडून राहणं मला जमत नाही. गरगर फिरण्यात माझा जन्म गेलाय, आता या डब्यात जीव नुसता चुळबुळतो.

१९९८ साली मी जन्मलो तेव्हा मला एकच काम येत होतं, कोऱ्या सीडीवर नक्कल उतरवायचं. पण माझ्या कर्त्यांना कुठली चैन! दर वर्षी माझी नवी आवृत्ती काढायचे. आधी कॅसेटमधली खरखर काढायला शिकवलं, मग फोटो उजळायला, मग फोटोंना आवाज जोडून छोटा सिनेमा करायला. एक धड अंगवळणी पडत नाही तोवर दुसरं हजर.

२००२ साली मुसाने मला कॉम्प्युटरबरोबर घरी आणलं. तो कुवेतला नोकरीला. घरी त्याची बायको बिल्किस आणि वडील, म्हणजे अब्बा. या घराची एक रीत होती. फोन महाग, म्हणून बोलणं कॅसेटवर भरायचं आणि कुवेतला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचं. मुसा ते ऐकायचा, त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरायचा आणि ती परत पाठवायचा. जुनं पुसलं जायचं, त्याचं कुणाला काही वाटत नसे.

बिल्किसला मात्र वाटलं. २००४च्या उन्हाळ्यात अब्बा तासभर बोलले, होडीवरचे दिवस, मुसाच्या लहानपणच्या खोड्या, सगळं. कॅसेट पाठवण्याआधी तिने तो आवाज माझ्याकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, त्याला फोटो जोडले आणि फाईलला नाव दिलं 'अब्बा'. काय हरखली होती ती! मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू.

पुढे कॉम्प्युटरला व्हायरस लागला. बिल्किसचा भाऊ फुजैल म्हणाला, सगळं पुसावं लागेल, हवं ते सीडीवर काढून घे. तिने 'अब्बा' ही फाईल काढून घेतली. अहो, पण त्या फाईलमध्ये आवाज नव्हता! कुठला फोटो कुठे आणि आवाज कुठून घ्यायचा, एवढीच यादी होती. मी इंग्रजीत एक चौकट दाखवून सांगितलं होतं. ती न वाचताच तिने 'ओके' दाबलं आणि फुजैलने कॉम्प्युटर पुसून टाकला. मला ओरडता आलं असतं तर आख्खा मोहल्ला जागा केला असता.

महिन्याभरात अब्बा गेले. मुसाला मातीला पोचता आलं नाही. त्याने फोनवर एवढंच मागितलं, "तू काढून ठेवलेली ती सीडी पाठव. अब्बांचा आवाज ऐकायचाय."

बिल्किसने सीडी लावली. पडद्यावर रिकाम्या चौकटी, आत लाल फुल्या. तिने पुन्हा लावली, फुंकर मारून लावली, पदराने पुसून लावली. शेवटी फोन करून तिने मुसाला खरं सांगून टाकलं. मुसा म्हणाला, "कॅसेटवर तर मीच बोललो ना, अब्बांच्या आवाजावर. तुझी एकटीची चूक नाही."

ती कॅसेट त्याच्या उत्तरासह घरी आलेली होती. दुपारी बिल्किसने ती टेपवर लावली. मुसा त्यात अब्बांची तब्येत विचारत होता. तो 'खुदा हाफिज' म्हणाला की ती नेहमी बटण दाबायची. त्या दिवशी ती रडत होती, बटण दाबायचं राहून गेलं. मुसा कायमचा घाईतला, त्याचं बोलणं अब्बांच्या निम्म्यानेही नव्हतं. मधे खट्ट झालं आणि अब्बाच बोलायला लागले.

मुसा लहानपणी जाळ्यात गुरफटला होता, ती हकिकत अर्ध्यातून सुरू झाली. अब्बा हसले, खोकले. मग म्हणाले, "माझा बोलून झाला गो बिल्किस. टेप उरलीय? मग राहू दे चालू. मी बसतो इथंच."

आणि पुढे नुसता त्यांचा श्वास.

बिल्किसने लगेच टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली. खरखर काढायचं बटण तिने दाबलंच नाही, कारण त्या खरखरीबरोबर श्वासही गेला असता. या वेळी नीट सीडी झाली. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही वाजते ना, म्हणून फुजैलच्या घरी लावून तिने ती शेवटपर्यंत ऐकली, तेव्हा कुठे कुवेतला धाडली.

महिन्याने मुसाचा फोन आला. म्हणाला, "आवाज संपला, तरी मी बंद नाही केली. अब्बा बसले होते ना."

आता नव्या कॉम्प्युटरला मला ठेवायला जागाच नसते. मी त्या कॅसेटशेजारी पडून आहे आणि आतल्या आत तडफडतोय. मित्रांनो, आपल्या माणसाचं काही जपून ठेवलं असेल, तर आजच उघडून बघा. आणि माणूस बोलायचं थांबलं म्हणून लगेच बटण दाबू नका.