शांतीबाईंचं आयोडीन

"या विश्वात काहीच पूर्णपणे संपत नाही," धर्मेंद्र सर गंभीरपणे म्हणाले. तेवढ्यात घरातली साखर संपल्याचं कळलं. सरांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि ते पुढे बोलू लागले.

सर म्हणजे पुष्पांजलीचे थोरले भाऊ. गोंदियाच्या एका ज्युनियर कॉलेजात ते फिजिक्स शिकवत. रविवारचे ते कामठ्याला बहिणीच्या सासरी आले होते, एका शंकेचं निरसन करायला. शंका एवढीच, की पुष्पांजलीच्या सासूने, शांतीबाईंनी, चार महिन्यांच्या नातीला आता कडेवर घ्यावं की नाही.

शांतीबाईंच्या गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं आणि मग किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. गळ्यात उरलंसुरलं जे असेल ते ही गोळी शोधून जाळते. घरी सोडताना तिथल्या माणसाने बजावलं होतं: तीन आठवडे वेगळं झोपायचं, वेगळ्या ताटात जेवायचं, लेकराला जवळ घ्यायचं नाही.

हे नियम शहरी माणसांच्या गळी उतरवताना म्हणे दवाखान्याला फार त्रास होतो. इथे अजिबात झाला नाही. लग्न होऊन आल्यापासून पुष्पांजली महिन्याचे चार दिवस घराला लागून असलेल्या सपरीत, छपराखाली, बसत आली होती, आणि सासू तिचं ताट काठीने पुढे सरकवत आली होती. अणुविज्ञानासाठी घर आधीपासून तयारच होतं. काठी तीच, ताट तेच. फक्त बसणारी बदलली. पुष्पांजलीने कशातच हयगय केली नाही.

शेजारच्या शकुंतलाबाई कुंपणावरून डोकावल्या होत्या. "का वो शांते, या वयात तुले कावळा शिवला?"

"नागपूरचा कावळा हाय बाई," शांतीबाई म्हणाल्या. "चार दिवसांत नाई जात."

तीन आठवडे सरले त्या सकाळी शांतीबाई डोक्यावरून न्हाल्या, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "आण वो खुशीले."

पुष्पांजली दारातच अडली. चार दिवसांचं असतं ते न्हाल्यावर जातं. हे कशाने जातं, ते तिला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून तिने दादाला बोलावून घेतलं. आणि दादा खोटं कधीच बोलत नसत.

"सिम्पल हिसाब आहे," सर कप खाली ठेवत म्हणाले. "या आयोडीनच्या अणूंचं केंद्रक अस्थिर असते. फुटत रायते. आठ दिवसांत अर्धे अणू खलास, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्यांतले अर्धे, मंग त्याच्यातले अर्धे. याले अर्धायुष्य म्हणतात. आता कोणता अणू कधी फुटन, ते कोणाच्याच बापाले सांगता येत नाही."

"मंग शून्य कधी होते?" पुष्पांजलीने विचारलं.

"थ्योरी पाहिली तं शून्य होतच नाही."

"पण डाक्टर तं तीनच आठवडे म्हणे ना बाप्पा," शांतीबाईंचा मुलगा खेमराज म्हणाला.

"व्यवहारात चालते ना. पण तुम्ही मले सायन्स विचारून रायले."

पुष्पांजलीने खुशीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. तिला व्यवहार नको होता, शून्य हवं होतं. शांतीबाई उठल्या आणि सपरीत जाऊन बसल्या.

धान कापून झालं, मळून झालं. खुशी रांगू लागली. एका दुपारी अंगणात उभी राहायला गेली आणि तोंडावर पडली. शांतीबाई धावल्या, वाकल्या, हात पुढे गेले. मग ते हात त्यांनी पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले आणि तशाच वाकलेल्या ओरडल्या, "पुष्पा, पोरगी पडली वो."

पुष्पांजली बोअरवेलवरून धावत येईपर्यंत खुशी रडत होती. शांतीबाई हात मागे बांधून, तिच्या अंगावर सावली राहील अशा बेताने उन्हात उभ्या होत्या.

पुष्पांजलीने ते पाहिलं. पुढच्या तपासणीला तिनेच नवऱ्याला विचारून यायला लावलं. डॉक्टर हसले. म्हणाले, इतक्या महिन्यांनी काय विचारता, ते आता नसल्यात जमा.

खेमराजने घरी येऊन सांगितलं तशी पुष्पांजली पोरीला घेऊन थेट सपरीत शिरली. "घ्या माय."

शांतीबाईंनी हात पदराखाली घेतले. "शून्य म्हणलं का त्यानं?"

इथे खेमराज खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. "नसल्यात जमा म्हणलं."

"जमा हाय ना मंग?"

"माय, तसं नसते ते."

"रावू दे. इतके दिवस जपलं, आता कायले?"

खुशीने दोन्ही हात पुढे केले होते. शांतीबाई खाटेवर जरा मागे सरकल्या आणि तिथूनच तिला चिमणी-कावळ्याचं काहीबाही सांगू लागल्या.

प्रत्येक माणसाच्या अंगात जन्मापासूनच थोडं किरणोत्सारी पोटॅशियम असतं. खुशीच्याही आहे. त्याचं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. धर्मेंद्र सरांना हे ठाऊक होतं. पण त्यांना ते कोणी विचारलं नव्हतं.