दोन बाणांमधला वेळ

मित्रांनो, मी एक जुना क्रॉसबो आहे; आडवे धनुष्य म्हणा हवे तर. चेक देशात, मोराविया प्रांतातल्या एका लहान गावाच्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत, मी ऐंशी वर्षे पडून आहे. पडून आहे खरा, पण स्वस्थ नाही. ज्याचा जन्मच ताणले जाण्यासाठी झाला, त्याला निजणे कसे जमावे?

मला घडवून साडेपाचशे वर्षे झाली. कारागिराने बोकडाच्या शिंगाच्या पट्ट्या आणि जनावरांच्या स्नायूंचे तंतू माशाच्या सरसाने एकमेकांना चिकटवले, महिनोन्‌महिने वाळवले आणि वरून भूर्जाची साल गुंडाळली. ती माझी कमान. खाली लाकडी दांडा. माझी दोरी नुसत्या हाताने ओढणे कोणाही पैलवानाला जमायचे नाही. तिच्यासाठी दातेरी चाकाचे यंत्र असते. ते दांड्यावर बसवायचे, मूठ गरागरा फिरवायची. दोरी तसूतसूने मागे येते आणि खुंटीत अडकते. मग आखूड बाण ठेवायचा. एवढ्या खटपटीला चाळीस सेकंद लागतात. साधा धनुर्धारी तेवढ्यात सहा बाण मारून मोकळा होतो.

माझा पहिला धनी मातौश. तो सैनिक नव्हता, पाववाला होता. शत्रूने गावाला वेढा घातला की आमच्याकडे पाववाले, चांभार, कासार सगळेच तटावर चढत. मातौश नेम धरायचा आणि त्याची बायको मार्केता माणसाएवढ्या ढालीआड बसून मूठ फिरवायची. क्रॉसबो दोन होते, मी आणि माझा जुळा भाऊ. एक सुटेपर्यंत दुसरा तयार. तिसऱ्या सकाळी भावाची कमान मोडली. मग राहिलो मी एकटा, आणि दर बाणामागे चाळीस सेकंदांचे भगदाड. खालच्या लोकांनी ते बरोबर ओळखले. त्या भगदाडातच त्यांची शिडी तटाला लागली.

"झालं का गं?" मातौश ओरडला.

"अर्धं झालंय! डोकं खाली घ्या!"

त्याने डोके खाली घेतले नाही. खालून आलेला बाण त्याच्या गळ्यात घुसला. मार्केताने उरलेली अर्धी फिरवण पुरी केली, मला उचलले आणि शिडीवरच्या पहिल्या माणसावर सोडले. तिने आयुष्यात नेम धरला नव्हता. पण सहा हातांवरच्या माणसाला नेम कशाला लागतो? शिडी त्याच्यासकट मागे गेली. गाव वाचले. पुढे उत्सवाला मला मिरवत, हार घालत. मग बंदुका आल्या आणि मी नगरसभेच्या माळ्यावर गेलो. उंदरांनी मूळ दोरी खाल्ली. शेवटी कोणीतरी मला नवी दोरी चढवून या पेटीत ठेवले आणि खाली पाटी लावली.

इथे माझी काळजी घेतात दोब्रावाबाई. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी, जिभेने तिखट बाई. मागल्या वसंतात त्यांच्याकडे इग्नात्स नावाचा माणूस आला. ब्र्नो शहरात तो संगणकावरचे युद्धाचे खेळ बनवतो. सैन्य उभारायचे, किल्ले घ्यायचे, तसले. नव्या खेळातल्या शस्त्रांचे काम त्याच्याकडे होते. येताना त्याने खसखस भरलेले गोड पाव आणले होते.

"माझी भाची खेळते तुमचा मागचा खेळ," दोब्रावाबाई पाव खातखात म्हणाल्या. "त्यात क्रॉसबोवाला गारा पडाव्यात तसे बाण मारतो. इतक्या बाणांना लाकूड कुठून आणता हो?"

इग्नात्सचे कान लाल झाले. "म्हणून तर आलोय. या वेळी खरं करायचंय. याला भरायला नक्की किती वेळ लागतो?"

"पुस्तकात वेगवेगळे आकडे आहेत."

"आणि तुम्ही कधी ओढून बघितलं नाही?"

"पणजीला पळायला लावून तिचा वेग मोजतं का कोणी?"

तो आठवडाभर रोज येत राहिला. मापे घेतली, चित्रे काढली. यंत्राची मूठ हातात धरून तो तासन्‌तास माझ्याकडे बघत बसे, आणि माझ्या अंगात कळ उठे. शुक्रवारी दुपारी दोब्रावाबाई टपालवाल्याशी बोलायला खाली गेल्या. मी टेबलावर होतो, पेटीबाहेर. इग्नात्सने दाराकडे पाहिले. मग यंत्र माझ्यावर बसवले.

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? मला ते हवे होते. हात लावू नकोस, असे माझ्या मनात एकदाही आले नाही. फिरव, असेच मी म्हणत होतो. पहिल्या फेऱ्याला दोरी कण्हली. दुसऱ्या फेऱ्याला माझी कमान जागी झाली, शेकडो वर्षांनी. तिसऱ्या फेऱ्याला माझ्या आत, सालीच्या खाली, काहीतरी कट्‌ वाजले.

इग्नात्सने घाबरून मूठ उलटी फिरवली. यंत्र काढले. मला वरखाली करून पाहिले. बाहेरून काहीच दिसत नव्हते. जिन्यावर दोब्रावाबाईंची पावले वाजली, तेव्हा मी होतो तसा टेबलावर होतो आणि तो खिडकीपाशी उभा होता. गप्प राहिला असता तर जगात कोणालाही कळले नसते.

"तोंड का असं पांढरं पडलंय?" त्यांनी विचारले.

"मी तो ओढला."

"काय ओढलं?"

"तीन फेरे. आत काहीतरी तुटलं. आवाज आला."

दोब्रावाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि माझ्या कमानीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "निघा. चालते व्हा."

तो जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. "हाकला, पोलिसांना बोलवा, काय करायचं ते करा. पण आधी आत काय झालंय ते बघू या."

गावात क्ष-किरणांचे यंत्र एकाच माणसाकडे होते, घोड्यांच्या डॉक्टरकडे. दुसऱ्या दिवशी तबेल्यात, एका लंगड्या घोडीच्या नंतर, माझा नंबर लागला. शिंगाच्या पट्टीत बोटभर लांबीची चीर निघाली. आणि एक जुनी चीरही निघाली, तिच्याहून लांब. डॉक्टर म्हणाला, ती कालची नाही. चढवलेल्या दोरीच्या ताणाने ती वर्षानुवर्षे सरकत आली आहे, आणखी दोन-तीन उन्हाळ्यांत कमान आपोआपच दुभंगली असती.

"म्हणजे तू शहाणपणा केलास असं समजू नकोस," दोब्रावाबाई इग्नात्सला म्हणाल्या. आजवर त्या त्याला अहो-जाहो करत होत्या. "गाढवपणाच केलास. पण बोललास, ते बरं केलंस."

पुढच्या महिन्यात इग्नात्सची वरिष्ठ, रेनाटा, संग्रहालयाची माफी मागायला आली. माफी झाली आणि माझ्यासमोरच दोघांची जुंपली. दरम्यान त्याने एका लोहाराकडून माझ्याच ताकदीचा, पण पोलादी कमानीचा नवा क्रॉसबो करून घेतला होता आणि दोब्रावाबाईंनी घड्याळ लावून वेळ मोजला होता.

"चाळीस सेकंद?" रेनाटा म्हणाली. "इग्नात्स, लोक आपल्याकडे लढाई करायला येतात, विहिरीचा रहाट फिरवायला नाही! तेवढ्यात माणसाची बिअर आणून पिऊनसुद्धा होईल."

"पण खरं तेच आहे."

"खरं? आपल्या खेळात गहू चार मिनिटांत पिकतो. किल्ला दहा मिनिटांत उभा राहतो. तेव्हा कुठे होता तुझा खरेपणा?"

मला वाटले, संपले. दोब्रावाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "मग गव्हाच्याच मापाने मोजा की. सगळंच आखडून घ्या. पण धनुष्याचे सहा बाण आणि याचा एक, हे प्रमाण मोडू नका."

"आणि मूठ फिरवायला दुसरं माणूस, ढालीआड," इग्नात्स घाईने म्हणाला. "ते माणूस पडलं, तर हा एकटा. मग बाणांमधला वेळ दुप्पट."

"खेळाडू शिव्या घालतील."

"घालू देत. त्या माणसाला जपायला तर शिकतील."

रेनाटाने मान हलवली. ती होय होती की नाही, मला कळले नाही. पुढे उन्हाळाभर भांडण चालले. एकदा तर इग्नात्सने राजीनामा लिहून टेबलावर ठेवला म्हणे. अखेर प्रमाण राहिले, दुसरे माणूसही राहिले. खेळ बाजारात आला आणि शिव्या खरोखरच आल्या. दोब्रावाबाईंनी त्या मला मोठ्याने वाचून दाखवल्या. कित्येकांनी क्रॉसबोवाल्यांना घरीच बसवले. मात्र एका बाईने लिहिले होते की, ढालीआडचे माणूस पडले तेव्हा तिने लढाई थांबवली, मागे जाऊन पुन्हा सुरू केली आणि या वेळी ढाल नीट लावली. ते पत्र वाचताना दोब्रावाबाईंनी चष्मा दोनदा पुसला.

मला त्यांनी पुन्हा पेटीत ठेवले ते दोरी काढून. आता कमान उशीवर टेकलेली असते, कसलाच ताण नाही. डॉक्टरच्या मते अशी ती आणखी दोनशे वर्षे टिकेल. दोनशे वर्षे! या ढिलेपणाची मला सवय नाही. दुपारी लाकडी फरशी तापून करकरली की मी दचकतो, अजून वाटते कोणीतरी मूठ धरली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना हात लावू नका, अशी पाटी तुम्ही सगळीकडे वाचता. ती पाळा. पण तुम्ही माणसे आहात, कधीतरी हात लागेलच. तेव्हा एवढे करा: काही घडलेच नाही अशा थाटात खिडकीपाशी उभे राहू नका. ज्याच्या ताब्यात ती वस्तू आहे त्याच्याकडे जा आणि काय झाले ते सांगा. आमच्या आतल्या चिरा आम्हाला बोलून दाखवता येत नाहीत.