वजनकाट्यावर संतोष

दादाने पन्नाशी ओलांडली होती, पण दिवसाकाठी कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. धंदा पाट्या रंगवायचा. एका दंतवैद्याच्या पाटीवरच्या हसऱ्या तोंडात त्याने मुद्दाम एक दात कमी काढला होता. महिनाभर कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं तोवर डॉक्टरकडे गर्दी वाढली होती. त्यामुळे सुधारायचा प्रश्नच आला नाही, ना पाटी ना दादा.

धाकटी बहीण अगदी उलटी. पट्टीने आखल्यासारखी. दहा वर्षं एका बाईंकडे योग शिकली, त्यांनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून पाठ केलं, आणि आता दोन खोल्या आणि एक हॉल भाड्याने घेऊन स्वतःचा वर्ग काढत होती. बाईंचे गुडघे थकले होते. चाळीस वर्षं चालवलेला सकाळचा वर्ग, तीसेक माणसं, त्या कुणाच्या तरी हवाली करणार होत्या. हिच्या तरी, नाहीतर त्या दुसऱ्या शिष्याच्या, ज्याच्या हॉलमध्ये भिंतभर आरसे होते. आज दुपारी चारला बाई जागा बघायला येणार होत्या. धाकटी तीन दिवस झाडलेलाच हॉल पुन्हा पुन्हा झाडत होती.

दादाला तिने काम दिलं होतं साधं. ध्यानाच्या हॉलमध्ये, समोरच्या भिंतीवर, सोनेरी अक्षरात सहा शब्द, एका ओळीत. यादी हातात देऊन पडदे आणायला निघाली, तर दादाने तिला दारातच अडवलं. म्हणाला, मी काय रंगवतोय ते मला कळायला नको का, अर्थ सांग. धाकटी हरखली. भाऊ कधी नव्हे ते ताळ्यावर आला असं समजून पिशवी खाली ठेवून घडाघडा म्हणून दाखवलं. वैराग्य म्हणजे मन वस्तूंकडे ओढलं न जाणं. प्रत्याहार म्हणजे इंद्रियं बाहेरून आत वळवणं. धारणा म्हणजे मन एका जागी बांधणं. अपरिग्रह म्हणजे गरजेपेक्षा जास्त गोळा न करणं. संतोष म्हणजे आहे त्यात समाधान. मोक्ष म्हणजे सुटका.

“कळलं?” तिने विचारलं.

“चांगलंच कळलं,” दादा म्हणाला, आणि त्याच्या डाव्या मिशीचं टोक हललं. ती पडद्यांच्या विचारात होती, नाहीतर ते टोक तिला लहानपणापासून माहीत होतं.

ती जिना उतरली तशी दादाने सोनेरी डबा बाजूला सारला आणि पाण्याने पुसला जाणारा पोस्टर कलर काढला. बेत साधा होता. ती आली की पाच मिनिटं तिचा थयथयाट बघायचा, मग ओल्या फडक्याने सगळं साफ, आणि चारच्या आत भिंत सोनेरी.

मग तो शीळ घालत सगळ्या जागेत फिरला. बूट-चपलांच्या मांडणीवर लिहिलं वैराग्य, कारण नवे बूट काढून ठेवणारा माणूस आसन करताना निम्मा वेळ तिकडेच बघत असतो. मागच्या खिडकीखाली बेकरी होती, तिथून ताज्या पावाचा वास वर यायचा. त्या खिडकीच्या चौकटीवर प्रत्याहार. भिंतीवरच्या घड्याळाखाली धारणा, कारण शेवटची दहा मिनिटं सगळ्यांचं मन तिथेच बांधलेलं असतं. वजनकाट्यासमोर, आकडा वाचून मान वर केली की नेमका दिसेल असा, संतोष. बाहेरच्या दारावर, आतल्या बाजूने, मोक्ष, हे तर सांगायलाच नको. राहिलं अपरिग्रह. ते त्याने कपाटावर लिहिलं. ते कपाट बंद होत नव्हतं म्हणून धाकटीने काल त्याच्याचकडून दाराला कडी बसवून घेतली होती.

ब्रश धुतोय तोच जिन्यात आवाज आले. एक धाकटीचा. दुसरा सावकाश, पायरीपायरीला थांबणारा. बाईंचा भाचा या बाजूला येणार होता, म्हणून त्या चारऐवजी अकरालाच आल्या होत्या, आणि धाकटी त्यांना खाली फाटकाशीच भेटली होती.

दादाने फडकं शोधलं. फडकं मोरीत होतं आणि मोरी दाराच्या पलीकडे.

बाई आत आल्या. मांडणीपाशी थांबल्या, चप्पल काढली, शब्द वाचला. धाकटीने तोच शब्द वाचला आणि भावाकडे असं पाहिलं की दादाला बावन्न वर्षांत पहिल्यांदा आपण मेलेलं बरं असं वाटलं. बाई खिडकीपाशी गेल्या, नाक वर करून वास घेतला, चौकट वाचली. घड्याळ बघितलं, खालचा शब्द बघितला. वजनकाट्यावर चढल्या, खाली पाहिलं, वर पाहिलं, उतरल्या. चेहरा इस्त्री केल्यासारखा, एक सुरकुती हलायला तयार नाही. मागून धाकटी, हातात पडद्यांची पिशवी घट्ट धरून, पांढरीफटक.

मग बाई कपाटाशी आल्या आणि त्यांनी कडी काढली.

आधी दोन चटया आल्या. मग एकदम वीस. त्यांच्या मागून उशा, पट्टे, प्लास्टिक न फाडलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि अगदी शेवटी एक रबरी चेंडू टप्पे खात हॉलच्या त्या टोकाला गेला. तो थांबेपर्यंत बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

“हे शब्द कुणी लिहिले?” बाईंनी विचारलं.

दादा पुढे झाला. थट्टेचा सूर कुठल्या कुठे गेला होता. मी लिहिले, हिला काहीच ठाऊक नव्हतं, हिने सगळे हॉलच्या भिंतीवर सांगितले होते, आत्ता पुसतो, असं त्याने एका दमात सांगून टाकलं.

“तुम्हाला अर्थ माहीत आहेत?”

“हिने सकाळी पाठ म्हणून दाखवले, तेवढेच.”

“मग जागा कशा ठरवल्या?”

दादाने मान खाजवली. खोटं बोलायची सोय नव्हती आणि खरं त्याचं त्यालाच आत्ता कळत होतं. “माणूस जिथे अडतो, तिथे लिहिलं, बाई.”

बाई हॉलच्या कोऱ्या भिंतीकडे वळल्या. “आणि तुला इथे हवे होते,” त्या धाकटीला म्हणाल्या. “इथे तर सगळे डोळे मिटून बसणार. वाचणार कोण?”

याचं उत्तर धाकटीच्या वहीत नव्हतं. बाईंनी चटयांच्या ढिगाकडे बोट करून विचारलं की वर्गाला नावं किती जणांनी दिली. पंधरा, ती म्हणाली. आणि चटया? चाळीस. का? वाटलं तर सांगता आलं असतं की तुमची तीस माणसं येतील म्हणून. दादाने मनातल्या मनात तिला तेच उत्तर पुरवलंही.

“त्या आरसेवाल्याकडे पस्तीस आहेत, बाई,” धाकटी म्हणाली. “मला त्याच्यापेक्षा जास्त हव्या होत्या.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई कपाटाच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. अपरिग्रहाची व्याख्या मी तुम्हा शिष्यांकडून शंभर वेळा म्हणून घेतली, त्या म्हणाल्या, पण तो शब्द कुणाच्या घशात अडकलेला आज पहिल्यांदा पाहिला. अडकला म्हणजे आता उतरेल. मग खर्जात, सहज, पुस्तक परत द्यावं तसं म्हणाल्या, “सोमवारपासून माझी माणसं इकडे येतील. आपापल्या चटया घेऊन येतील. ह्या कुणाला तरी देऊन टाक.”

धाकटी वाकून नमस्कार करू लागली तर चटईत पाय अडकून पडता पडता राहिली. दादाने तिला सावरलं आणि ओलं फडकं आणायला वळला, तर बाईंनी हाक मारली. पुसायचं नाही. पक्क्या रंगात करा. फक्त एक शब्द कमी पडतोय, आणि एक माणूसही. वर्गात तुम्हीही बसायचं, रोज सहाला.

दादाने तोंड उघडलं. सहाला तर त्याच्या घरात पालही उठत नाही, असं काहीतरी जिभेवर आलं होतं.

“पहिल्या रांगेत, त्या खांबाला टेकून बसा,” बाई म्हणाल्या. “आणि तुमच्या डोळ्यांसमोर येईल असा शब्द लिहा, मौन.”

दादाचं तोंड उघडंच राहिलं, मग हळूहळू मिटलं. त्याने सोनेरी डबा घेतला, खांबासमोर मांडी घातली, डोळ्यांची उंची बोटाने मोजली आणि गुपचूप ‘मौ’चा काना ओढायला लागला. मागे ढिगात बसून धाकटी पदरात तोंड खुपसून हसत होती, तीन दिवसांत पहिल्यांदा.