खालचा आकडा

“तुमचं यंत्र तिरकं बसलंय, मॅडम.”

धक्क्याच्या भिंतीवरल्या मोजपट्टीवर भरतीचा आकडा वाचायचा, हे काम काका एकतीस वर्षं करत होते. नवं यंत्र त्यांच्या वहीपेक्षा अकरा सेंटीमीटर जास्त पाणी दाखवत होतं.

“कुणीतरी तिरकं आहे खरं,” इंजिनिअर पोरगी म्हणाली. “काका, बांधाची उंची तुमच्या वह्यांवरून ठरायचीय. आज अहवालावर सही करण्याआधी तपासूया.”

बांधामागच्या खालच्या गल्लीत काकांचं घर होतं. तरीही उंच बांध म्हटलं की त्यांना आधी कंत्राटदार दिसायचा. ही आली आणि महिन्याभरात समुद्र चढला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरीही त्या सकाळी तेच झालं होतं.

“अहो, कपाटाखाली पुन्हा ओल आलीय. तिसरी वीट लावायची का?”

“शेजाऱ्यांचा नळ गळतोय. सांग त्यांना.”

“त्यांनी नळच काढून टाकला. आता कुणाचं नाव घेताय?” बायको म्हणाली.

धक्क्यावर दोघांनी खडकात ठोकलेल्या, कधी न हलणाऱ्या पितळी खिळ्यापासून उंची मोजत आणली. मोजणीच्या दुर्बिणीला डोळा काकांनी स्वतः लावला. पोरीवर सोडलं नाही. दोनदा मोजलं. पट्टी जागेवर होती. यंत्रही.

“मग चुकतंय काय?”

“तुम्ही वाचता कसं, ते दाखवा.”

भरती पूर्ण झाली होती. पाणी पट्टीवर वरखाली होत होतं.

“दोन मीटर पंचेचाळीस,” काका पुटपुटले. पेन उचललं नाही. थांबले. लाट उतरली. “दोन तेवीस.” त्यांनी लिहिलं आणि आकड्यापुढे एक टिंब दिलं.

यंत्रावर दोन चौतीस होते.

“टिंब कसलं?”

“शंकेचं. आमचे जुने साहेब सांगायचे, आकडा नेहमीपेक्षा जास्त दिसला की लाटेवर विश्वास ठेवायचा नाही. खाली येऊ द्यायची, मग लिहायचं. एरवी मधला आकडा घ्यायचा.”

“आणि कमी दिसला तर?”

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कमी आकड्याची काकांना कधी शंकाच आली नव्हती.

ते कचेरीतल्या कपाटाकडे गेले आणि त्यांनी आपली पहिली वही काढली. महिन्याला एखादं टिंब. मधल्या वहीत आठवड्याला दोन-तीन. या वर्षीच्या वहीत प्रत्येक ओळीपुढे टिंब होतं. पोरीने वही हळूच मिटून ठेवली. त्याचाच त्यांना राग आला.

अहवालावर सहीच्या जागी त्यांनी लिहिलं, ‘टिंब असलेले आकडे खरे धरू नयेत. पाणी त्याहून वर होतं.’ मग खाली सही केली, नेहमीसारखी, पूर्ण नावानिशी.

घरी आले तेव्हा बायको तिसरी वीट घेऊन बसली होती. काकांनी बाह्या सरसावल्या, कपाट एका बाजूने उचलून धरलं. तिने वीट सरकवली.

“सोडा आता.”

त्यांनी सोडलं नाही.

“अजून एक आण,” ते म्हणाले.