दोन खुर्च्यांचं विमान आणि एकाहत्तर किलो

मित्रांनो, मी एक जुनं, दोन खुर्च्यांचं, उडायला शिकवणारं विमान आहे. माझ्याकडे बघून कोणी तोंडात बोटं घालत नाही. पाहुणे विमानं ठेवायच्या हँगरमध्ये येतात, मला वळसा घालतात आणि शेजारच्या चार खुर्च्यांच्या विमानापाशी फोटो काढतात. मला त्याचा राग येत नाही असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? थोडा येतो.

माझ्या दोन्ही खुर्च्या एकमेकींना खेटून आहेत. डावीकडे शिकणारा बसतो, उजवीकडे शिकवणारा, आणि दोघांच्याही हातात विमान वळवायचं सुकाणू असतं. शिकणाऱ्याचं चुकलं की शिकवणारा सांभाळतो. किती जणांनी मला धावपट्टीवर आपटलं याची गणतीच नाही. कोणी तीन उड्या मारत उतरवलं, तर कोणी उतरल्यावर भीतीने गवतातच घातलं. पण पहिल्यांदा एकट्याने उडून आलेला प्रत्येक जण खाली उतरल्यावर माझ्या नाकाडावर थाप मारायचा. ती थाप मिळाली की सगळं आपटणं वसूल व्हायचं.

मग जुने मालक थकले, शिकवणं बंद पडलं. तीन वर्षं मी कोपऱ्यात उभा होतो. टायर बसले. इंजिनाच्या झाकणाखाली पाखरांनी दोनदा घरटं केलं. माझ्या पंखावर लोक ओले कोट वाळत घालू लागले. विमानं दुरुस्त करणारे मिस्त्रीच एकटे दर शनिवारी येऊन माझ्या नाकावरचा पंखा हाताने फिरवायचे. एका शनिवारी ते हळूच म्हणाले, "या महिन्यात गिऱ्हाईक नाही मिळालं, तर मालकांनी तुझे भाग सुटे करून विकायला सांगितलंय रे." त्या दिवशी त्यांनी माझी काच दोनदा पुसली.

त्याच आठवड्यात ताई आल्या. ताई पंधरा वर्षं शहरात बस चालवत होत्या. सुट्टीच्या दिवशी विमान शिकता शिकता त्या शिकवण्याच्या परीक्षेपर्यंत पोहोचल्या आणि पासही झाल्या. आता त्यांना स्वतःची छोटी शाळा काढायची होती, आणि विमान एकच घेता येणार होतं. बरोबर नवरा, सासरे आणि सासूबाई होत्या. ताई अभ्यासाला बसायच्या तेव्हा घराचा गाडा सासूबाईंनी ओढला होता. "पास झाले की तुम्हाला सगळ्यांना एकदम वर नेईन," असा शब्द ताईंनी त्यांना दिला होता. त्यामुळे सगळे थेट शेजारच्या चार खुर्च्यांच्या विमानाकडेच गेले.

"हेच घ्यायचं," सासूबाई म्हणाल्या. "बसमध्ये चाळीस माणसं बसवतेस, इथे चार तरी नकोत?"

मिस्त्रींचा एक नियम आहे. गिऱ्हाईक कोणीही असो, ते आधी वजन विचारतात. सगळ्यांनी आपापलं वजन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "पंचावन्न असेल." मिस्त्रींनी सामान मोजायचा काटा पुढे सरकवला. बाकी प्रत्येकाने पाच-सहा किलो चोरलेच होते. सासूबाईंच्या वेळी तर काटा एकाहत्तरवर थांबला.

"काटा बिघडलाय," त्या म्हणाल्या.

"गेल्याच महिन्यात तपासून आणलाय, आई." मिस्त्रींनी पाटीवर बेरीज मांडली. "खुर्च्या चार असल्या, तरी टाक्या भरल्या की तीनच माणसं नेता येतील. नाहीतर इंधन कमी भरा आणि लवकर परत या."

"मग खाली कोण राहणार?" सासऱ्यांनी विचारलं. सगळे एकदम छताकडे बघू लागले.

मिस्त्री ताईंकडे वळले. "ताई, शिकवताना आत किती जण असणार?"

"दोघं."

"मग मागच्या दोन रिकाम्या खुर्च्या रोज कशाला वाहायच्या? हे दोन खुर्च्यांचं इंधनही कमी पितं."

ताईंचं मन माझ्याकडे ओढत होतं, हे मला दिसत होतं. पण त्यांची नजर सासूबाईंकडे गेली. दिलेला शब्द मोडायचा कसा? ताई मला नाही म्हणाल्या असत्या, तर माझं चाक एकीकडे आणि पंख दुसरीकडे गेले असते.

सासूबाई तडक माझ्याकडे आल्या, दार उघडून कशाबशा उजव्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ये गं, बस." ताई डावीकडे बसल्या. दोघींचे खांदे टेकले.

"तुझ्या बसमधून इतकी वर्षं फिरले," सासूबाई म्हणाल्या, "पण तुझ्या शेजारी बसता आलं नाही कधी. हेच घे. आम्ही आळीपाळीने येऊ. पहिला नंबर माझा."

मित्रांनो, माझ्यात पुन्हा जीव आला. मिस्त्रींनी महिनाभर खपून टायर बदलले, इंजिन उघडून साफ केलं, एकेक तार तपासली. मग एका स्वच्छ सकाळी आम्ही तिघं वर गेलो. खाली नदी दिसली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या परीक्षेच्या दिवशी मला वाटलं होतं, तू नापास व्हावीस. पास झालीस की घरात दिसायची नाहीस म्हणून."

ताई म्हणाल्या, "मला माहीत होतं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"घरात आपण दोघीच कधी असतो?"

सासूबाईंनी डोळे पुसले. मग समोरच्या सुकाणूकडे बोट दाखवून विचारलं, "हे मी जरा धरू का?"

आता माझ्यात रोज कोणी ना कोणी शिकतं, आणि मी सुखात आहे. तुमच्याकडे माझ्यासारखं काही जुनं असेल, तर त्याच्यावर ओले कपडे टाकू नका. अधूनमधून त्याला हात लावा. ते लहान आहे म्हणून त्याला मोडीत काढण्याआधी, ते कशासाठी बनवलंय एवढं विचारा.

दर गुरुवारी मात्र शिकणाऱ्याची डावी खुर्ची राखीव असते. सासूबाई येतात, स्वतःहून काट्यावर चढतात आणि सगळ्या हँगरला ऐकू जाईल असं ओरडतात, "एकाहत्तर! लिहा, मिस्त्री."